डबीवरचं तोंड

वाकड्या तोंडाची गोळी म्हणतात ना, खोकल्याची, ती आमची. आणि ते वाकडं तोंड माझं.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डबीवर गोळीचं चांगलं भारदस्त नाव छापलं होतं. ते आजवर कुणी उच्चारलेलं नाही. लोक दुकानात येतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "ती वाकड्या तोंडाची द्या हो." दुकानदार न बघता मागे हात घालतो आणि मला काउंटरवर आपटतो. एक डोळा मिटलेला, नाक वर चढलेलं, खालचा ओठ हनुवटीवर लोंबतोय, अशी मी. शाळेतही जात नव्हते तेव्हाची.

तो फोटो कसा निघाला ते मला लख्ख आठवतं. आप्पांचे एक फोटोग्राफर मित्र होते. आमच्या कारखान्यात, म्हणजे तेव्हा ती नुसती मागची पडवी होती, मला स्टुलावर बसवलं आणि तोंडात गोळी घातली. आता ही गोळी म्हणजे काय चीज आहे ते ज्याने खाल्ली त्यालाच ठाऊक. मुळ्या आणि साली उकळून काढलेला काढा, त्यात जेमतेम वळण्यापुरती साखर. खोकला बरा होतो का? होतो. भीतीनेच पळत असणार. तर माझं तोंड वाकडं झालं, पण कॅमेऱ्याला वेळ लागला. पुन्हा गोळी. या वेळी मी हललेच. पुन्हा गोळी. मी म्हटलं, "नको आप्पा." आप्पांनी हनुवटी धरली आणि लाडीगोडीने अजून एक घातली. ते हसत होते. मित्र हसत होता. दादा, माझा भाऊ, दारात उभा राहून टाळ्या पिटत होता. मी पुन्हा "नको" म्हटलं आणि कॅमेऱ्याने टिपलं ते नेमकं तेव्हा. नीट बघा डबीकडे. ते तोंड नुसतं कडू लागल्याचं नाही.

पुढचं काय सांगू! शाळेत मी "वाकडी". बाजारात "अगं, डबीवरची ना तू?" एकदा स्थळ आलं होतं. मुलाच्या काकांनी माझ्याकडे बघितलं, खिशातून डबी काढली आणि चक्क ताडून पाहिलं. सगळी बैठक हसली. आप्पाही हसले. मी उठून आत गेले ती बाहेर आलेच नाही. लग्न झालं नाही याचं मला सुतराम दुःख नाही, पण त्या हसण्याचा राग मात्र अजून तस्साच आहे.

दादाला मी किती वेळा सांगितलं असेल, "काढ रे ते तोंड." त्याचं उत्तर ठरलेलं. "अगं, आप्पांची आठवण आहे. आणि लोक त्या तोंडालाच ओळखतात." दादा दुकानदार सांभाळतो, मी कढई. आप्पा गेल्यापासून आमच्या कारखान्यातली एकेक गोळी माझ्या हाताखालून जाते. आणि एकेक डबीही.

तर परवा काय झालं. दादाचा मुलगा, माझा भाचा, सगळ्यांना पॅकिंगच्या खोलीत, म्हणजे त्याच जुन्या पडवीत, बोलावून म्हणाला, "एक सरप्राइज आहे." नव्या कपड्यांसारखे नवे शब्द आणतो हा पोरगा रोज. त्या दिवशीचा शब्द "ब्रँडिंग". एका मोठ्या दुकानसाखळीला आमची गोळी शेल्फवर ठेवायची होती, पण डबी जुनाट वाटते म्हणे. म्हणून याने एआयकडून नवी चित्रं करून घेतली होती. त्याने लॅपटॉप फिरवला.

एक बाई होती. पांढरे, छान वळवलेले केस, गालांवर गुलाबी उजेड, हातात आमची गोळी. आणि हसत होती! अशी हसत होती की दात मोजून घ्यावेत.

"ही कोण भवानी?" मी विचारलं.

"आत्या, तूच!" भाचा खूश होऊन म्हणाला. "जुना फोटो टाकला, आत्ताचे घरातले दोनचार टाकले आणि सांगितलं की हीच मुलगी मोठी होऊन हसतेय असं दाखव. बघ ना, अजून आहेत. ही खिडकीत हसतेय. ही नातवंडांबरोबर."

"मला नातवंडं कुठून आली रे, मेल्या?"

"अगं, इमोशन असतं ते."

तळपायाची आग मस्तकात म्हणतात ती मला तेव्हा कळली. पण खरं सांगू? त्या पोराने नाही लावली ती. ती दादाने लावली. तो चष्मा वर करून स्क्रीनकडे बघत, अगदी मायेने म्हणाला, "किती छान दिसतेस गं. चला, आता तरी हसलीस."

आता तरी हसलीस! म्हणजे इतकी वर्षं तोंड वाकडं ठेवायला मीच अडून बसले होते. आप्पांची आठवण म्हणून जो फोटो माझ्या सांगण्यावरून हलत नव्हता, तो त्या साखळीवाल्यांनी नाक मुरडताच निघाला. आणि निघाला तो मला सोडून नाही, मला हसवून! एकदा जबरदस्तीने तोंड वाकडं केलं, आता जबरदस्तीने सरळ. माझं तोंड आहे की दाराचं कुलूप?

"हे छापायचं नाही," मी म्हटलं. "वाकडं नाही आणि सरळही नाही. माझं तोंड डबीवर नको."

भाच्याचा चेहरा पडला. "आत्या, मी पाठवलंय त्यांना. त्यांच्या खरेदीच्या मॅडमना आवडलंय. शुक्रवारी फायनल करायला येतायत."

"मला विचारलंस?"

"सरप्राइज होतं ना..."

दादाने नेहमीप्रमाणे मध्यम मार्ग काढला. दादाचा मध्यम मार्ग म्हणजे त्याचाच मार्ग, फक्त हळू आवाजात. "हे बघ, शुक्रवारपर्यंत याच्यापेक्षा चांगलं काही दाखव, मी लगेच बदलतो. नाहीतर हेच जाऊ दे. एवढं काय त्यात? सुंदरच दिसतेयस."

"दाखवते," मी म्हटलं. काय दाखवणार ते मला काय डोंबल माहीत होतं! पण तोंडातून शब्द गेला होता आणि तो परत घेणारी मी नव्हे.

दुसऱ्या दिवशी कढई उतरवून मी हात पुसत होते, तेवढ्यात भाच्याची बायको लॅपटॉप काखेत मारून आली. लग्न होऊन आलेली नवी सूनबाई, बोलताना श्वास घ्यायला विसरते आणि पेन्सिल चावते. चित्रकलेचं शिक्षण झालेलं. "आत्या, ते हसरं मला पण नाही आवडलं, मी सांगत होते त्यांना, पण ऐकतील तर शपथ. बसा तुम्ही. तुम्ही सांगा, मी लिहिते, बघू तरी यंत्र काय देतंय."

बसलो. मी म्हटलं, माझं नको, दुसरं कुणाचं तरी तोंड वाकडं कर. तिने लिहिलं, कडू औषध खाल्लेला माणूस. आला एक. देखणा! कपाळाला हलकीशी आठी, जणू मोजे सापडत नाहीयेत. मग म्हातारा मागितला, तो सिनेमातल्यासारखा म्हातारा. मग बाई, मग आजोबा, मग पहिलवान. सगळ्यांचे दात शुभ्र आणि कातडी तुकतुकीत. "अगं, या यंत्राच्या जगात कुणाचं काही बिघडतच नाही का?" मी विचारलं. सूनबाई म्हणाली, "थांबा, नीट वर्णन करून मागू." मग मी तिला बारकावे सांगितले. आधी कानामागे ताणतं, मग एकच डोळा मिटतो, दोन्ही नाही, मग नाक, आणि ओठ सगळ्यात शेवटी हार मानतो. मला नाही कळणार तर कुणाला? जन्मभर आरशापेक्षा जास्त तेच तोंड बघत आलेय.

आणि आली की एक मुलगी! फ्रॉक घातलेली, एक डोळा मिटलेला, ओठ लोंबलेला. हुबेहूब. सूनबाई टाळी वाजवून म्हणाली, "आत्या, झालं काम! आणि ही कुणीच नाहीये. जगात नाहीच ही मुलगी. कुणाला वाईट वाटायचा प्रश्नच नाही."

मी बघत राहिले. त्या मुलीच्या पापणीच्या कडेला पाणी आलं होतं. आम्ही मागितलं नव्हतं ते.

"कुणीच नाही, तर मग हे नाक कुणाचं? हे पाणी कुणाचं?" मी म्हटलं. "या यंत्राने कुठेतरी बघितलंच असेल ना कुणाला तरी? कुठल्यातरी पोरीला स्टुलावर बसवलंच असेल कुणीतरी. काढ ती."

तिने वाद घातला नाही. पुसून टाकली.

मग म्हणाली, मशीन राहू दे, आपण खराच फोटो काढू, कारखान्यातल्या कुणाचा तरी, त्यांना विचारून. ऐकायला ठीक. पण आमच्याकडची गंमत तिला अजून ठाऊक नव्हती. मी गोळी तोंडात टाकली. काही नाही. पॅकिंगवाल्या मावशींनी टाकली, त्यांनी तर अजून एक मागितली. दादाने चघळत चघळत फोनवर बोलणं चालू ठेवलं. या वाफेत राहून आमच्या जिभा केव्हाच मेल्यात. आमच्यातल्या कुणालाच कडू लागत नाही. म्हणून तर कारखान्याचा रिवाज आहे, नवा घाणा उतरला की दारात येईल त्याला गोळी द्यायची. दूधवाला, वीजवाला, कुणीही. त्याचं तोंड वाकडं झालं की माल पास.

"मग तूच खा ना," मी सूनबाईला म्हटलं. "तू नवी आहेस अजून."

"मी? अज्जिबात नाही! घरात आल्या दिवशी खाल्ली तेवढी बास. आणि फोटो तर नाहीच नाही."

"बरं," मी म्हटलं आणि मला एकदम हसू आलं. तिला कळेना काय झालं. झालं काहीच नव्हतं. ती नाही म्हणाली होती आणि मी गोळीची बरणी बंद केली होती.

तेवढ्यात फाटकाशी धप्पकन आवाज झाला. कुरियरवाला. गेल्या खेपेला त्याला गोळी मिळाली होती, तेव्हापासून तो आत पाऊल टाकत नाही. पार्सल फाटकावरून फेकतो आणि गाडी पळवतो. मी खिडकीतून ओरडले, "अरे, थांब की! खात नाही तुला!" पण कसला थांबतोय. मी वैतागून म्हटलं, "बघ, माणसं सोड, आमच्या दाराशी आला की रस्तासुद्धा तोंड फिरवून जातो."

सूनबाईने पेन्सिल तोंडातून काढली. "काय म्हणालात?"

"काय म्हणाले?"

"रस्ता तोंड फिरवतो." आणि ती टाइप करायला लागलीसुद्धा. "आत्या, माणूस कशाला हवा? चमचा घेऊ. चमच्यावर गोळी ठेवलीय आणि त्या चमच्यालाच ती नको झालीय."

पहिला चमचा आला त्याला डोळे होते, तोंड होतं, जीभ बाहेर. लहान मुलांच्या बिस्किटासारखा. "डोळे काढ," मी म्हटलं. "तोंड पण काढ. कुणाचंच तोंड नको मला. त्याला अंगाने कडू लागू दे." सूनबाई लिहीत गेली, मी सांगत गेले. मान मागे ओढली पाहिजे. नाही, एवढी नाही, तुटेल. दांड्याला पीळ बसू दे, शेवटच्या टोकाला जास्त. गोळी मात्र शांत, तिला काही देणंघेणं नाही. यंत्र चुकत होतं, आम्ही पुन्हा सांगत होतो, ते पुन्हा करत होतं. एक मात्र कबूल करते, कितीही वेळा सांगा, ते कंटाळलं नाही. आणि मग तो आला. स्टीलचा साधा चमचा, पण गोळीपासून असा अंग चोरून वळलेला की बघताक्षणी माझ्या मेलेल्या जिभेला कडू लागल्यासारखं झालं.

मग काय, आम्हाला ऊतच आला! दुधाचा जग केला, त्याने आपली चोच आत ओढून घेतली होती. खुर्ची केली, टेबलावर डबी बघून मागच्या दोन पायांवर उभी राहिलेली. नळ केला, टोक वर वळवून बसलेला. चपलांचा जोड केला, एक चप्पल दुसरीच्या मागे लपलेली. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो. वहिनी, म्हणजे दादाची बायको, चहा द्यायला आली आणि चहा हातातच ठेवून हसायला लागली. मी माझ्या तोंडाने हसत होते, कुणी सांगितलं म्हणून नाही.

शुक्रवारी साखळीवाल्या मॅडम आल्या. कडक इस्त्री, बारीक आवाज. पॅकिंगच्या खोलीतल्या टेबलावर भाच्याने हसरी बाई मांडली होती, मोठी प्रिंट काढून. मी तिच्याशेजारी चमचा ठेवला, जग ठेवला, खुर्ची, नळ, चपला. दादा घसा खाकरत होता.

मॅडमनी सगळं बघितलं. "हे मजेशीर आहे," चमच्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "पण गिऱ्हाइकाला चेहरा लागतो. हसरा चेहरा आश्वासक वाटतो. आम्ही हाच धरू." आणि त्यांनी माझं ते नसलेलं हसू उचललं. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्हीच ना या? फार गोड आलंय."

"तुम्ही आमची गोळी खाल्लीय?" मी विचारलं.

"तशी वेळ नाही आली कधी."

"दारात आलेल्याला द्यायचा रिवाज आहे आमच्याकडे. कडू असते हं, आधीच सांगते. नको असेल तर नको म्हणा."

"अहो, मी कसलीही औषधं घेते," त्या म्हणाल्या आणि टाकली तोंडात.

आधी कानामागे ताणलं. मग एक डोळा. मग नाक चढलं. ओठाने बराच वेळ तग धरला, बाई मानी होत्या, पण शेवटी तोही गेला.

"आता असं हसून दाखवा," मी ती प्रिंट त्यांच्यासमोर धरून म्हटलं. "जमतंय का? ही गोळी तोंडात असताना जगातलं कुणी असं हसू शकत नाही. हे चित्र खोटं बोलतंय, आणि माझ्या तोंडाने बोलतंय."

मॅडमना उत्तर द्यायचं होतं, पण जीभ वळेना. आणि नेमका तेव्हाच भाचा, त्याचा स्वभावच तो, उत्साहात ओरडला, "काय एक्स्प्रेशन आहे! मॅडम, अस्संच राहा!" आणि त्याने मोबाइल वर केला.

"नको! फोटो नको!" मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

भाच्याचा हात तिथेच थांबला. मोबाइल खाली आला. "सॉरी मॅडम, सॉरी," तो म्हणाला आणि लाजून मागे सरकला. साधी गोष्ट. कुणीही तसंच केलं असतं.

मी दादाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग खोलीच्या मागच्या दाराकडे, जिथे उभा राहून त्याने टाळ्या पिटल्या होत्या. मला वाटतं, त्याला तेव्हा आठवलं. इतकी वर्षं आप्पांची आठवण म्हणून जो फोटो जपला, त्यात खरं काय होतं ते त्याला तेव्हा दिसलं.

"मी पण नको म्हटलं होतं," मी म्हणाले. आवाज चढवायची गरज पडली नाही. "मॅडम, गोळी माझ्या हातची आहे. ती हवी तर घ्या. माझं तोंड तिच्याबरोबर येणार नाही. तेच पाहिजे असेल तर कढई आज उतरवली ती उतरवली. दुसरा कुणी ढवळणारा शोधा."

"आत्या!" भाचा दबक्या आवाजात म्हणाला.

"आत्याबित्या काही नाही."

वहिनीने पाणी आणलं. मॅडम भांडंभर पाणी प्यायल्या, अजून एक मागितलं, रुमालाने डोळे टिपले. मग त्यांची नजर पुन्हा चमच्यावर गेली. तो आपला तसाच अंग चोरून उभा. बराच वेळ बघत राहिल्या आणि फस्सकन हसल्या. "याचं आणि माझं सेम झालंय," त्या म्हणाल्या. हसरी बाई त्यांनी उलटी करून ठेवली. चमचा डबीवर घेऊ, म्हणाल्या, आणि बाकीच्यांची एकेक जाहिरात करू, खुर्चीची आधी. जाताना फाटकाशी थांबून त्यांनी सूनबाईला हळूच काहीतरी विचारलं. नंतर कळलं, तोंडातली चव कधी जाते ते विचारत होत्या.

संध्याकाळी मी कढई घासत होते. दादा आला. हातात जुनी डबी होती, ती उगाच उघडत होता, मिटत होता.

"मी काय म्हणत होतो," तो म्हणाला. "पुढे चमचाच. ते ठरलं. पण मागच्या बाजूला, अगदी लहानसा, तुझा तो जुना... आप्पांच्या वेळचा म्हणून. ठेवू का?"

मी घासायची थांबले. "विचारतोयस की सांगतोयस?"

त्याने डबी मिटली. "विचारतोय."

एवढ्या जन्मात पहिल्यांदा. खोटं कशाला बोलू, एक क्षण असंही वाटलं की आता विचारलंच आहे तर हो म्हणावं बिचाऱ्याला.

"नाही," मी म्हटलं.

दादाने डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला आणि डबी खिशात घालून निघून गेला.

मी बघतच राहिले. इतकं सोपं होतं, मेलं!